हेडलाईट कोण?

मला मारणाऱ्यांनी आधी माझी जन्मतारीख विचारली. असं कुठं ऐकलंय? हाणायचंच असेल तर माणूस गाव विचारतो, आडनाव विचारतो, फार तर बापाचं नाव विचारतो. यांनी जन्मतारीख विचारली. मी "एक जून दोन हजार एक" म्हणालो आणि तोंडावर बुक्की बसली. हात मागे बांधलेले होते, त्यामुळे नाकातून आलेलं रक्त पुसताही आलं नाही. ते ओठावरून आत गेलं आणि मी गिळलं.

का मारलं, तर गाण्यांच्या कोड्यावरून. हसू नका, मला हसू येत नाही. बांधावरून डोकी फुटताना मी लहानपणापासून बघितलीत. पण कोणतं गाणं कितव्या नंबरवर होतं यावरून माणसं लोखंडी पाईप घेऊन येतात, हे मला त्या दिवशी कळलं.

मी प्रेमदास राठोड, सेनगावच्या अलीकडच्या तांड्यावरचा. पोलीस भरतीची तयारी करत होतो. मागच्या खेपेला थोडक्यात हुकलं होतं. या वेळी सोळाशे मीटर धावण्याची वेळ बराबर बसत होती आणि मैदानी चाचणी आठवड्यावर आली होती. माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. दोन पाय होते आणि ते चांगले होते.

कोड्यांचं वेड मला नव्हतं. ते होतं दिपाला. दिपा माझी चुलत बहीण, रतनसिंग काकांची पोरगी. तिची आई ती रांगत असतानाच गेली, त्यामुळे ती माझ्या आईच्याच हाताखाली वाढली. सख्खी आणि चुलत हा फरक आमच्या घरात कुणी केला नाही. हिंगोलीला कॉलेजला जायची, आणि मोबाईलवर तिचा एक ग्रुप होता, 'नंबर एक, हिंगोली' नावाचा. गाण्यांचं एक अ‍ॅप दर शुक्रवारी मराठी गाण्यांचे चाळीस नंबर लावतं. कोणतं गाणं वर गेलं, कोणतं खाली घसरलं, यावर ही मंडळी एकमेकांना कोडी घालायची. दोन नंबरवर सगळ्यात जास्त काळ कोण थांबलं? एका गायकाचं गाणं पडलं त्याच आठवड्यात त्याच्या बहिणीचं कोणतं चढलं? काम ना धंदा, हरी गोविंदा. मी दिपाला तोंडावर तसं म्हणायचो आणि ती माझ्या पाठीत धपाटा घालायची.

त्या ग्रुपात एक पद्धत होती. खरं नाव कुणी लावायचं नाही, आणि फोन नंबर तर तिथं दिसायचाच नाही. ज्या आठवड्यात तुमचा जन्म झाला, त्या आठवड्यात टीव्हीच्या काउंटडाऊनमध्ये जे गाणं एक नंबरवर होतं, ते तुमचं नाव. जुने नंबर कुणीतरी खपून जमवले होते. त्यामुळे ग्रुपात कुणी 'जांभळी सायकल' होतं, कुणी 'पावडरचा डबा' होतं. दिपा होती 'हेडलाईट'. ती पोरगी आहे की पोरगा, हेही तिथं कुणाला माहीत नव्हतं. फक्त माणूस सेनगावकडचा, एवढं तिच्या लिहिण्यावरून समजायचं.

आता त्या तारखेचं सांगतो, कारण सगळा घोळ तिथंच आहे. मी झालो पोळ्याच्या सुमारास. दिपा झाली दिवाळी उलटल्यावर. काकांनी दोघांना एकाच सायकलवर बसवून शाळेत नेलं. गुरुजींनी विचारलं, जन्म कधीचा? काका म्हणाले, पाऊस बरा झाला होता त्या सालचा. गुरुजींनी दोघांच्या नावापुढं एक जून लिहून टाकलं. शाळा जूनमध्ये उघडते, हिशेब सोपा. आमच्या भागात कागदावर अर्धं गाव एक जूनला जन्मलेलं आहे. त्या दिवशी देवळात नारळ फोडायला लागलो तर नारळ पुरायचे नाहीत. पण दिपा त्या तारखेवर जीव टाकायची. "दादा, आपल्या दोघांचं गाणं एकच," म्हणायची. तारीख खोटी आहे हे तिलाही ठाऊक होतं. तिला तेवढं एक गाणं हवं होतं.

माझ्या धावण्याची वेळ तीच लावायची. शाळेच्या मैदानावर मी फेऱ्या मारायचो आणि ती कडेला मोबाईल धरून उभी राहायची. मी समोरून गेलो की ओरडून कोडं घालायची आणि पुढच्या फेरीला मी उत्तर द्यायचं. "पळता पळता बोलता आलं पायजे. तरच दम बराबर," हे तिचं शास्त्र. शास्त्र खरं होतं, माझा दम सुधारला. आणि नको असताना कोण कितव्या नंबरवर होतं ते माझ्या डोक्यात जाऊन बसलं.

हिंगोलीत विश्वजीत म्हणून एक आहे. मोबाईल दुरुस्तीचं दुकान, मनगटात जाड कडं, आणि एमसी भाला या रॅपरच्या फॅन क्लबचा जिल्हाध्यक्ष. हे पद त्यानं स्वतःच स्वतःला दिलेलं. कोड्यांच्या ग्रुपाचा अ‍ॅडमिनही तोच. एप्रिलमध्ये भालाचं एक नवं गाणं आलं आणि चाळिसाव्या नंबरवर पडून राहिलं. मग एका आठवड्यात ते थेट एक नंबरवर. विश्वजीतनं पेढे वाटले. भालाचा कार्यक्रम हिंगोलीत ठरला, बॅनर लागले, आणि बॅनरवर भालाच्या शेजारी विश्वजीतचा फोटो, गॉगल घालून.

गाणं वर कसं गेलं ते दिपानं डोळ्यांनी बघितलं होतं. ती मैत्रिणीचा मोबाईल दुरुस्तीला घेऊन त्याच्या दुकानात गेली होती. आतल्या खोलीत फळीवर दुरुस्तीला आलेले लोकांचे मोबाईल रांगेनं लावलेले, सगळे चार्जिंगला, सगळ्यांवर तेच गाणं, आवाज बंद. रात्रंदिवस ते मोबाईल एकटेच गाणं ऐकत होते. दिपानं घरी येऊन ग्रुपात कोडं टाकलं: चाळिसावरून एका उडीत एक नंबरवर आलेलं असं कोणतं गाणं, जे माणसांपेक्षा दुरुस्तीला आलेल्या मोबाईलनी जास्त ऐकलं?

कोडं वणव्यासारखं पसरलं. हिंगोलीतून नांदेड, नांदेडहून पुणे. अ‍ॅपवाल्यांनी तपासलं आणि गाणं काढून टाकलं. भालाचा कार्यक्रम रद्द झाला आणि भालाच्या माणसांनी विश्वजीतचा नंबर ब्लॉक केला. लोक दुकानात जाऊन म्हणायला लागले, "गाणं ऐकायला आमचाबी मोबाईल ठिवून घ्या की." ज्याच्या नावानं हा छाती ठोकायचा त्यानंच दार लावलं. मला त्याचं दुःख कळतं. पण दुःख झालं म्हणून माणूस पाईप उचलतो का? हा उचलतो.

त्यानं हिशेब केला. हेडलाईट हे गाणं एक नंबरवर होतं ते एक जूनच्या आठवड्यात. माणूस सेनगावकडचा. आणि एक जूनला सेनगावच्या चौकात माझ्या मित्रांनी हौसेनं बॅनर लावला होता, 'भावी पोलीस प्रेमदासभाऊ राठोड यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा'. माझा फोटो, छाती पुढं काढून. विश्वजीत दवाखान्यात जन्मलेला, पत्रिका केलेला, वाढदिवसाला केक कापणारा. बॅनरवरची तारीख खोटीही असू शकते हे त्याच्या गावीही नव्हतं.

सकाळी मैदानावरून परत येत होतो. दिपा पुढं घरी गेली होती. रस्त्यात पांढरी जीप आडवी आली. चौघं उतरले आणि मला आत कोंबलं. मी एकाच्या हाताला कडकडून चावलो, तर दुसऱ्यानं माझं डोकं जीपच्या दारावर आपटलं. तांड्यावरचा थावरा शेळ्या घेऊन तिथंच होता. तो ओरडला, "काहून नेऊन राहिले रे पोराला?" कुणीतरी त्याला दगड मारला. जीप सुटता सुटता एक जण माझ्या कानाशी ओरडला, "हेडलाईट, चल, आता विझवतो तुला."

जुन्या बंद जिनिंगच्या आवारात नेलं. उन्हानं पत्रा तापला होता आणि जमिनीवर कापसाची सरकी सांडलेली होती. विश्वजीतनं आधी आपल्या पोरांचे मोबाईल काढून घेतले आणि जीपमध्ये टाकले. "व्हिडिओ काढून कुणी आपल्यालाच अडकवायचं," म्हणाला. स्वतःचा मात्र खिशात ठेवला. मग जन्मतारीख विचारली, आणि बुक्की.

"कोडी घालतो व्हय रं?" तो म्हणाला. "घाल आता."

"मी न्हाई घालत," मी म्हणालो. "मला गाण्यातलं काही कळत न्हाई. मी भरतीवाला हाय. आठवड्यानं मैदानी हाय माझी. देवाशप्पथ, पायाला हात लावू नका."

हे बोलायला नको होतं. त्यांच्यातल्या एकानं लगेच पाईपनं माझ्या मांडीवर मारलं. मी सरकीत आडवा पडलो. मग लाथा. पोटात, बरगड्यांवर, कमरेत. एक जण माझ्या बोटांवर बूट ठेवून उभा राहिला आणि वजन टाकलं, आणि करंगळी मोडल्याचा आवाज मला नीट ऐकू आला. मी आईच्या नावानं ओरडलो. या वयात आईच्या नावानं ओरडायची लाज वाटायला हवी होती, वाटली नाही. मी परत परत तेच सांगत राहिलो, मी तो न्हाई, मी तो न्हाई.

विश्वजीत थोडा थांबला. त्याच्या तोंडावर शंका आली, मी बघितलं. मी सुटणार होतो. खरंच सुटणार होतो.

तेवढ्यात त्यांच्यातलं एक सेनगावकडचं पोरगं बोललं. "भाऊ, हा नसंल बी. एक जून तर आमच्याकडं समद्यांचीच असती. याची बहीण हाय ना, दिपा, ती बी एक जूनचीच. आमच्याच वर्गात होती. तिच्या कानात सदा गाणी. हिंगोलीला कॉलेजला असती ती."

"कोणत्या कॉलेजला?" विश्वजीतनं विचारलं.

मारानं जे झालं नव्हतं ते या प्रश्नानं झालं. माझं 'मी तो न्हाई' बंद झालं. दिपा दररोज एसटीनं हिंगोलीला जाते, स्टँडपासून कॉलेजपर्यंत चालत जाते, त्याच्या दुकानावरून. या चौघांच्या हातात ती सापडली तर काय होईल, ते मी डोळे मिटूनही बघू शकत होतो.

खरं सांगतो, मी एक श्वासभर विचार केला. गप्प राहिलो तर घरी जाईन. मैदान मारीन, वर्दी घालीन. इतका विचार माझ्या मनात येऊन गेला आणि मला स्वतःची किळस आली.

"मीच हेडलाईट हाय," मी म्हणालो.

विश्वजीत हसला. "आत्ता तर न्हाई म्हणत होतास. बहिणीला वाचवून राहिला का?"

"तिला काय कळतं? माझी कोडी ऐकून ऐकून गाणी म्हणती ती."

"बरं," तो माझ्या समोर उकिडवा बसला. त्यानं माझे केस धरून मान वर केली. "हेडलाईट असशील तर सांग. लागोपाठ तीन आठवडे दोन नंबरवर बसलेलं, आणि एकवर कधीच न गेलेलं गाणं. तिन्ही आठवडे त्याला अडवणारी गाणी निराळी. कोणतं?"

तो शांतपणे विचारत होता, मास्तर तोंडी परीक्षा घेतो तसं. मला उत्तर येत होतं. दिपाचा आवाज कानात होता. थंडीतली सकाळ, तिसरी फेरी, तिनं हेच विचारलं होतं. मी चौथ्या फेरीला चुकीचं सांगितलं आणि ती वैतागून ओरडली होती, "अरे, झेलम काटकरचं! तिचा एक नंबर तीनदा हुकला! तुला काहीच कसं वाटत न्हाई?" झेलम तिची सगळ्यात आवडती. मला तेव्हा खरंच काही वाटलं नव्हतं.

एक चुकीचं उत्तर दिलं असतं तर मी मोकळा होतो. लोक बरोबर उत्तर देऊन बक्षीस घेतात. मला बरोबर उत्तर देऊन पाय द्यायचा होता.

"झेलम काटकर," मी म्हणालो. "उन्हाची साडी."

"अडवणारी?"

"पहिल्या आठवड्यात गारवेल. मग नको नको राणी." तोंडात दाताचा तुकडा होता, तो थुंकलो. "तिसऱ्याला तुझ्या भालाचं, चावी दे."

विश्वजीतच्या डोळ्यांतली शंका गेली. तो उठला आणि पोरांकडे बघून मान हलवली. त्यानंतर जे झालं ते मी सगळं सांगू शकत नाही, कारण सगळं आठवत नाही. पाईप पाठीवर पडत होता. कुणीतरी माझं तोंड सरकीत दाबून धरलं होतं आणि मला श्वास घेता येत नव्हता. डावा खांदा निखळला तेव्हा मी ओकलो. एवढं होऊनही मी पाय पोटाशी ओढून धरले होते. हात मोडो, बरगड्या मोडोत, त्या जुळतात. पाय वाचले तर आणखी एक भरती आहे, एवढाच हिशेब डोक्यात चालू होता.

मग विश्वजीतच्या खिशात मोबाईल वाजला. परत वाजला. वाजतच राहिला. त्यानं काढून बघितला. मी जमिनीवर कुशीवर पडलो होतो, त्याचं तोंड मला बराबर दिसत होतं. आधी कपाळाला आठी पडली. मग तोंड उतरलं. त्यानं माझ्याकडे बघितलं, पुन्हा मोबाईलकडे बघितलं. अंगठ्यानं त्यावर काहीतरी दाबलं.

"काय झालं, भाऊ?" एकानं विचारलं.

"काही न्हाई," तो म्हणाला. "धर त्याचे पाय."

पोरगं घुटमळलं. "बस्स झालं की, भाऊ. मरंल."

"धर म्हणतो ना!"

तोपर्यंत त्यानं स्वतः पाईपला हात लावला नव्हता. आता लावला. दोघांनी माझा उजवा पाय ओढून सरळ केला. विश्वजीतनं माझ्या गुडघ्याकडे बघितलं, माझ्याकडे नाही. पाईप वर गेला आणि खाली आला. मग दुसऱ्यांदा. दुसऱ्यांदा आत काहीतरी फुटलं, आणि मला त्याच क्षणी कळलं की संपलं. दुखणं नंतर आलं. आधी ते कळणं आलं.

शुद्ध आली तेव्हा मी हिंगोलीच्या दवाखान्यात होतो. जिनिंगबाहेरच्या रस्त्यावर टाकून गेले होते, तांड्यावरच्या लोकांनी शोधून आणलं. डॉक्टरनं फोटो उजेडात धरून गुडघ्याच्या वाटीचे तुकडे दाखवले. चालता येईल, म्हणाले. मी विचारलं, पळता? त्यांनी फोटो पाकिटात घातला आणि शेजारच्या खाटेकडे गेले.

काय झालं होतं ते मला आईकडून कळलं. थावरा शेळ्या टाकून तांड्यावर धावत आला होता आणि दिपाच्या समोर धापा टाकत म्हणाला होता, "पोराला नेलं, हेडलाईट हेडलाईट म्हणून राहिले होते." दिपाला सगळं कळलं. तिनं तिथंच उभ्या उभ्या ग्रुपात लिहिलं: हेडलाईट मी आहे. दिपा रतनसिंग राठोड. कोडं मीच टाकलं. माझ्या भावाला सोडा, मी कुठं यायचं ते सांगा. हे एकदा नाही, वारंवार टाकलं. सगळ्या जिल्ह्यासमोर आपलं नाव टाकलं माझ्या बहिणीनं. आणि थोड्याच वेळात अ‍ॅडमिननं ते सगळे मेसेज पुसून टाकले.

म्हणजे विश्वजीतनं मोबाईलवर बघितलं ते हे होतं. त्याला कळलं होतं की तो चुकीच्या माणसाला मारतोय. आपल्या पोरांसमोर चुकलो म्हणायचं की गुडघा फोडायचा, एवढंच त्याला ठरवायचं होतं, आणि त्यानं ठरवलं. आधीचा सगळा मार मी त्याला एखादवेळी माफ करीन. हे नाही करणार. मेलो तरी नाही.

हवालदार जबाब घ्यायला आले. मी नाव सांगितलं, जीप सांगितली, जिनिंग सांगितलं, पाईप सांगितला. विश्वजीत आणि त्याची पोरं त्याच संध्याकाळी आत गेली. मोबाईल वाजल्याचं तेवढं मी सांगितलं नाही. जबाब उद्या कोर्टात वाचला जाणार आणि दिपा तिथं बसलेली असणार.

ती खाटेजवळच होती, पहिल्या दिवसापासून. घरून आलेला डबा तसाच परत जायचा. आई रागावली, काका रागावले, ती पाण्याच्या घोटापलीकडे काही घेईना. डोळे सुजलेले, ओठ फाटलेले. तिसऱ्या दिवशी दुपारी आई औषध आणायला गेली तेव्हा ती माझ्या खाटेच्या कडेला बसली आणि प्लास्टरकडे बघत म्हणाली, "दादा, एक विचारू?"

"विचार."

"माझे मेसेज त्यानं पुसले. म्हणजे वाचले ना त्यानं?"

"वाचले."

"कधी वाचले?" तिचा आवाज फाटला. "तुझा पाय... पायाच्या आधी का मागून?"

असं कोडं तिनं मला कधी घातलं नव्हतं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि तिला माझं खोटं लगेच कळतं, लहानपणापासून. म्हणून मी तिच्या डोळ्यांत बघितलं आणि नजर हलू दिली नाही.

"मागून," मी म्हणालो. "पाय आधीच गेलता, दिपे. दुसऱ्या पायावर पाईप उचलला व्हता त्यानं. तेवढ्यात तुझा मेसेज आला. वाचला आन् तिथंच पाईप टाकून दिला. तू न्हाई टाकला असता तर दोन्ही गेले असते."

"खरं?"

"व्हय. तुझ्यामुळंच एक पाय राह्यला."

तिनं माझ्या चांगल्या पायावर हात ठेवला. बराच वेळ तसाच ठेवला. मग उठून तोंड धुतलं, डबा उघडला, आणि खाटेवर बसून भाकर मोडून खाऊ लागली. मला म्हणाली, "दादा, तू पण खा की." मी तोंड उघडलं आणि तिनं घास भरवला.